आकांक्षाला बघायला आलेल्या बाई

भारतच्या आईस, संभाजीनगरहून आशीर्वाद.

मी नि आपली नात बराबर पोचलो. तुझे गुडघे कसे आहेत? आनंदात घाईनं लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

आज विद्यापीठात जुने विद्यार्थी नव्यांना भेटायला आले होते. त्यातल्या वंदना मॅडम आता प्राध्यापक आहेत. त्यांनी आकांक्षाला गाव, घर, पुढचा विचार, सगळं विचारलं. मला वाटलं, सून बघतायत. मी जल्दी सांगून टाकलं, "भाकरी झकास थापते."

त्या हसल्या. "बाबा, मला सून न्हाई, प्राध्यापक पाहिजे."

पीएचडी होईपर्यंत त्या आकांक्षाला मार्ग दाखवणार आहेत. मधेच सोडणार तर नाहीत ना, हे मी दोनदा विचारलं.

पोरीला बघायला येणाऱ्या वडीगोद्रीच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणावं. म्हाताराच नको म्हणतो, असं सांग. पोरीला बोल लागू देऊ नको.

तुझ्या काळजीत,
काकासाहेब