उंबरठ्यांची उंची

७ एप्रिल, मंगळवार
मुलुंडहून निघायला उशीर. घाटकोपरला पोचेपर्यंत साडेनऊ, ऊन डोक्यावर. नाल्याकाठच्या गल्लीची मोजणी आज सुरू. माझा जन्म याच गल्लीतला. आई आणि धाकटा भाऊ महेश अजून इथेच राहतात. ऑफिसात कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वाटलं, ओळखीची माणसं, दारं पटापट उघडतील.

काम साधं. नाला भरून वाहिला तर कुठल्या घरात किती पाणी शिरेल, ते शहर-नियोजनवाल्यांना सांगायचं. त्यासाठी प्रत्येक उंबरठ्याची उंची हवी. ऑफिसातला निखिल उंची मोजायची दुर्बीण लावतो, मी दारोदार पट्टी धरते आणि बोलणी खाते. "पाणी येतं पावसात, तुम्ही मोजता उन्हात!" वगैरे.

८ एप्रिल
सहा घरं झाली. एकूणएक जण म्हणाले, "आमच्याकडे पाणी येतच नाय." पानवाले शिंदेसुद्धा! मागल्या पुरात हेच गृहस्थ टीव्ही डोक्यावर घेऊन उभे होते, मी स्वतः बघितलंय. खोदून विचारल्यावर म्हणाले, "नकाशात लाल झालो की उचलून लांब कुठेतरी टाकणार ना आम्हाला?"
लाल रंगाला पंप आधी मिळतो, गटार आधी मोठं होतं, असं समजावलं. पटलं नाही. मी तरी त्यांना काय लिहून देणार होते?

११ एप्रिल
आज आमचं घर आणि शेजारचं शांताकाकूंचं. मध्ये एकच भिंत.
काकूंच्या दारात पट्टी धरली, आकडा ओरडून सांगितला. निखिल म्हणाला, "परत वाच." परत वाचला. तोच. त्यांच्या घरात आता गल्लीतून खाली उतरावं लागतं. माझ्या लहानपणी सगळी दारं एका रांगेत होती.
प्रत्येक पुरानंतर इथे कुणी ना कुणी घर वर घेतो. आत भरणी करायची, लादी नवी टाकायची, पत्रा चढवायचा, दाराशी दोन पायऱ्या. ज्याला जमलं तो वर गेला. काकूंना जमलं नाही.
आमचं मागल्या वर्षी घेतलं. दोन फूट. मीच मागे लागले होते, गवंडीसुद्धा मीच शोधला.

१४ एप्रिल
जयंती. मोजणी बंद. गल्लीभर निळे झेंडे, स्पीकरपुढे कान बधिर. आईने खीर केली, पहिली वाटी नेहमीसारखी काकूंकडे. मी घेऊन गेले. पायऱ्यांचा अंदाज चुकला, थोडी सांडली. काकू खदखदून हसल्या. "वरच्या माणसांक खाली उतराची सवय ऱ्हवली नाय गो!"

१६ एप्रिल
निखिलने नकाशा काढला. आपली गल्ली पिवळी, मध्यम धोका. सगळे खूश होतील. मी विचारलं, काकूंचं घर? तो म्हणाला, "सरासरीत मुरतं ना." एका गल्लीला एक रंग ही आमच्याच ऑफिसची पद्धत. मीच बसवलेली, तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून.
मग त्याला घरांच्या जुन्या उंचीवर पुराचा हिशोब एकदा चालवायला लावला. सगळी घरं खाली असती तर पाणी पसरलं असतं, काकूंकडे गुडघ्याच्या आत राहिलं असतं. आजच्या उंचीवर ते पसरत नाही, जिथे खळगा तिथे साठतं. खळगा एकच. पाणी छातीच्या वर.
त्यात भर पायऱ्यांची. घर उचललं की पायऱ्या पुढे येतात आणि गटारावर बसतात. गटार बंद, मग साठलेलं उतरणार कुठून?
याच गोष्टीचा पगार घेते मी. तरी आईचं घर उचलताना शेजारच्या दाराकडे बघितलं नाही. लाज वाटली. जेवले नाही धड.

१९ एप्रिल, रविवार
काकूंना सांगितलं. त्यांचे गुडघे पार गेलेत, शिडीने माळ्यावर चढणं शक्य नाही. मागल्या पुरात महेशने उचलून आमच्याकडे आणलं होतं. तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं.
ऐकून घेतलं सगळं. मग, "म्हणजे तुमचा पाणी माझ्याकडे."
म्हटलं, एकट्या आमचं नाही काकू, सगळ्यांचं थोडं थोडं.
"पण तुमचा धरून ना?"
हो म्हणाले. त्यांनी चहा टाकला. मला वाटलं होतं, भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२२ एप्रिल
गवंड्याला दाखवलं. काकूंची लादी उचलली तर डोकं पत्र्याला लागेल, आणि पत्रा चढवायचा तर भिंती नव्याने. भिंती आधीच ओल खाऊन फुगल्यात. "हात लावला तर सगळंच खाली येईल ताई." काकू आतून म्हणाल्या, "मगे मी काय ओणवी होऊन ऱ्हवू?"

२८ एप्रिल
नियोजनच्या मॅडमना भेटले. नकाशा पसरला, ते एक घर दाखवलं. मॅडम हुशार आहेत, पटकन कळलं त्यांना. म्हणाल्या, रंग बदलायचा तर पूर्ण गल्लीचा बदलावा लागेल, त्यापेक्षा शेरा लिहा. पण कारणासकट. कुठल्या पायऱ्या गटारावर आहेत, घर क्रमांकासह यादी द्या. त्या पायऱ्या काढून गटार उघडं करता येईल, पावसाच्या आत. "कारण नसेल तर मी पुढे काय पाठवू?"
बरोबर आहे त्यांचं. बाहेर येऊन उसाचा रस प्यायले, दोन ग्लास.

३ मे
यादी केली. अकरा घरं. नाल्याच्या बाजूने क्रम लावायचा, म्हणजे पहिलं आपलंच. दुसरीकडून लावून बघितलं, तर आपलं शेवटून पहिलं, ते अजूनच डोळ्यावर येतं. परत पहिल्यासारखं केलं. पाठवून दिलं.

५ मे
महेशला कुणीतरी सांगितलं. फोनवर सुरू झाला. "तूच घर वर घ्यायला लावलंस, आता तूच पायऱ्या तोडायला माणसं आणतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"
म्हटलं, काकू बुडतील रे.
"मी आहे ना! मागच्या वेळी कोणी उचललं?"
म्हटलं, तू कामावर असलास तर?
"आणि आई काय उडी मारून घरात चढणार?" लाकडी पायरी, आतून पायरी, असलं काहीतरी बोलले. शेवटी म्हणाला, गल्लीत तोंड दाखवू नकोस. लहान भाऊ. शाळेत मी सोडायचे याला.
रडू आलं. ऑफिसच्या बाथरूममध्ये.

९ मे, शनिवार
मॅडमचा फोन. यादीतल्या पहिल्या नावाचं आडनाव आणि माझं माहेरचं आडनाव एकच, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. "नात्यात आहेत का?"
आई आहे, म्हटलं.
त्यांनी घर क्रमांक पुन्हा विचारून घेतला. मग, "आधी सांगायला हवं होतं तुम्ही." हो, हवं होतं. पहिल्याच दिवशी. आता माझी मोजणी धरता येणार नाही. सोमवारी दुसरा माणूस येऊन पुन्हा मोजेल, आतून लादी आणि बाहेरून पायऱ्या, आमच्या घरापासून सुरुवात. घर बंद मिळालं तर काकूंच्या घराचा शेरा यंदा जाणार नाही, पावसाआधी दुसरी फेरी होत नाही.
मी साळसूदपणे गप्प बसले, त्याची किंमत काकूंनी द्यायची. संतापले स्वतःवर.

१० मे, रविवार
तोंड दाखवू नकोस म्हणाला होता, तरी गेले. महेश दारातच. मोजणीची खबर त्याला लागलेली; मी काही बोलायच्या आत म्हणाला, "सोमवारी आईला घेऊन मामाकडे कल्याणला चाललोय. कुलूप लावून. घे मोजून."
त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. आत गेले. आई मेथी निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं, काकूंच्या घरात पाणी कुठवर येईल ते हाताने दाखवलं. तिने माझ्या हाताकडे बघितलं, पुन्हा मेथीकडे.
म्हटलं, महेश उद्या कुलूप लावणार म्हणतोय.
"म्हणू दे. किल्ली माझ्याकडे असते."
म्हणजे तू थांबणार? विचारलं. तिने निम्मी जुडी माझ्यापुढे सरकवली. दोघींनी मिळून निवडून संपवली, आणि मी मुलुंडला आले.