दुसऱ्या चापटीचं शास्त्र

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींचा आवाज ठणठणीत असल्याचं फोनवर कळतंच. (फोन त्याच उचलतात आणि तुमच्यापर्यंत काही पोचू देत नाहीत, म्हणून हा पत्राचा खटाटोप.) इकडे सगळे मजेत. मी मात्र सोमवारपर्यंतच.

तुम्ही तीस वर्षं मेस्त्री होतात आणि मलाही चिकटवलंत, त्या आपल्या पंपाच्या कारखान्यात आता ड्रोनच्या मोटारी होतात. नव्या कंपनीने त्यासाठी आठ यांत्रिक हात आणले. हात आले, पण त्यांना काम येईना. मग इंजिनिअर बाईंनी माझ्या उजव्या हातात तारांचा हातमोजा चढवला आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही नेहमीसारखं काम करा, यंत्र बघून शिकेल." मी तीन आठवडे नेहमीसारखं काम केलं. चूक म्हणाल तर एवढीच. यंत्राने नेहमीसारखं सगळंच उचललं. आता आठही हात मोटार जोडताजोडता मध्येच वर जातात आणि नसलेलं नाक खाजवतात. अकरा वाजले की चहा यायच्या दाराकडे तोंड करून थांबतात (तोंडही नाही, पण थांबण्याची तऱ्हा हुबेहूब माझी). आणि झाकण बसवलं की त्यावर दोन चापट्या मारतात.

बाईंनी एकेक सवय काढायला घेतली. नाक काढलं, काही बिघडलं नाही. (हे ऐकून तुमची भाचेसून म्हणाली, "यांचंही काढून द्या म्हणावं.") चहा काढला, तर हात तापून बंद पडले, मुकाट्याने परत दिला. चापट्या काढल्या, तर झाकणं खडखडू लागली. एक ठेवली, तर निम्मी खडखडली. दोन ठेवल्या, सगळी गप्प. बाईंनी फळा भरून गणितं मांडली, पण दुसरी का लागते ते काही उमगेना.

इथून माझे ग्रह फिरले. सोमवारी मोठे साहेब येताहेत. कंपनीची दुसरी शेड इथे घालायची की दुसऱ्या गावी, ते ठरवायला. त्या गावात जागा मोठी, रस्ता रुंद. आपल्याकडे चापटी. त्यामागे खरं कसब असेल तर शेड इथेच, असं साहेबांचं म्हणणं. सगळा भाग या शेडकडे डोळे लावून बसलाय. शिंपी लग्नाचे कपडे बाजूला ठेवून यांत्रिक हातांच्या बाह्या शिवतोय. न्हाव्याने पाटीवर 'अत्याधुनिक' लिहिलंय (वस्तरा तोच). माझ्या मेहुण्याने तर नोकरी सोडून शेडच्या जागेसमोर खोली घेतलीय. कशासाठी, ते त्याला अजून सुचायचंय. परवा एका भाषणात वक्ते म्हणाले, या भागाची अर्थव्यवस्था आता नव्या उद्योगांच्या हाती आहे. मी तिसऱ्या रांगेत बसून माझ्या हाताकडे बघत राहिलो.

बाईंनी मला विचारलं, "काका, दुसरी चापटी कशासाठी?" मी म्हणालो, "अनुभव." त्यांनी ते लिहून घेतलं! आता साहेबांपुढे मी त्यावर वीस मिनिटं बोलायचंय, पडद्यावर चित्रं दाखवत.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा
(सध्याचा हुद्दा : हस्तकौशल्य सल्लागार)

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. चापटी माझी नाही, तुमची आहे. पहिल्या दिवशी तुम्ही दोन मारल्यात, म्हणून मी दोन मारल्या. तुम्हाला विचारायची छाती नव्हती. दुसरी कशासाठी होती, ते उलट टपाली कळवा. 'खरे गुरू' म्हणून बाईंना तुमचा नंबरही देऊन ठेवलाय. सोमवारी साहेब तुम्हाला फोन करणार आहेत.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच मामींचा फोन आला. सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "चापटी कसली डोंबलाची! त्यांचं घड्याळ बंद पडायचं रे. दोनदा हात आपटला की चालू व्हायचं. जेवताना टेबलावरसुद्धा आपटायचे, आमटी सांडायची." तेव्हा मामा, कारण कळवू नका. फक्त सोमवारी फोन वाजला की, आयुष्यात एकदा, मामींच्या आधी उचला. आणि साहेबांनी काहीही विचारलं तरी "अनुभव" एवढंच म्हणा.