पाहून नामंजूर

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा चित्रांना चौकटी बसवण्याचा, आज पूर्ण शुद्धीवर आहे. रागही अजून शाबूत आहे. कोणाच्या धाकाने वा भुलवणीने नव्हे, स्वतःच्या मर्जीने माझ्या पश्चात कशाची काय व्यवस्था व्हावी ते लिहून ठेवत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी पुतण्याच्या गोड बोलण्याला भुलून केले होते.

कलम १. दुकानावरच्या राहत्या दोन खोल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या. तिला तिथून कोणीही हलवायचे नाही, "तुमच्याच भल्यासाठी" असे म्हणूनसुद्धा नाही. बँकेतली शिल्लक तिच्या औषधपाण्याला.

कलम २. दुकान, करवती, शिकंजे आणि काच कापायची हिरकणी आमच्या काच कापणाऱ्या बाईंना. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून तीन काचा फुटल्या, त्यातल्या दोन माझ्या धक्क्याने.

पुतण्याला माझा चष्मा. "काका, चार पट्ट्या ठोकायला अक्कल कशाला लागते?" असे तो चारचौघांत म्हणाला होता. त्याने तो चष्मा लावून एक तरी कोपरा बिनफटीचा जुळवून दाखवावा.

कलम ३. आता मुद्द्याचे. माझ्याकडे एक्केचाळीस चित्रे आहेत, सगळी आमच्याच भागातल्या चित्रकारांची. चौकटीचे पैसे देणे ज्यांना जमत नसे ते चित्र ठेवून जात. कलासंग्रहालयाला तेव्हा ही माणसे चालत नव्हती. त्यांना लांबची, नाव झालेली मंडळी हवी असत. आता वारे फिरले आहे. गेल्या वर्षी संचालक स्वतः दुकानात आले, रुमालाने स्टूल पुसून बसले.

"चौकटवाले, आपल्या मातीतल्या कलावंतांचं दालन उभं करतोय आम्ही," ते म्हणाले. "तुमची चित्रं म्हणजे त्या दालनाचा पाया."

त्यांच्या हातात नावांची यादी होती. निम्म्या नावांपुढे 'कैलासवासी' लिहिलेले. यादीतल्या अशा कैलासवासींच्या विधवांच्या घरी जाऊन ते माळ्यावरची चित्रे देणगी म्हणून मागत आहेत. जिवंतपणी ज्यांना मागच्या दारातून परत पाठवले, त्यांच्यासाठी आता दालन. याला वरातीमागून घोडे म्हणतात.

मी म्हणालो, विचार करतो. विचार केला तो असा.

सदतीस वर्षांपूर्वी ताई धुलाईकेंद्रात इस्त्री करायची आणि सुट्टीच्या दिवशी रंगवायची. तिचे एक चित्र मी संग्रहालयाच्या निवड समितीकडे पाठवले. माझी बांधायची रीत ठरलेली आहे. खाकी कागदात गुंडाळायचे, कागदाच्या जोडावर पातळ पट्टी चिकटवायची आणि सही अशी करायची की अर्धी पट्टीवर, अर्धी कागदावर. पट्टी फाडल्याशिवाय पुडके उघडत नाही.

एकोणीस दिवसांनी पुडके परत आले. वर लाल शिक्का: 'समितीने पाहून नामंजूर'. शिक्क्याखाली समितीच्या चिटणीसाची सही. माझी पट्टी जशीच्या तशी, सहीचे दोन्ही अर्धे जुळलेले. ते चिटणीस म्हणजेच आजचे संचालक.

मी तिरीमिरीत ते तसेच ताईला दाखवले. ही माझी चूक. मला वाटले होते ती चिडेल. ती म्हणाली, "बघायच्या लायकीचंसुद्धा नव्हतं होय," आणि तिने ब्रश कायमचे आवरून ठेवले. त्या दिवसापासून मी त्या माणसाचे वाईट चिंतत आलो आहे. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

पुडके मी कधी उघडले नाही. ताईने दोनदा मागितले. "पुरावा आहे, हात लावू नकोस," असे मी दोन्ही वेळा सांगितले.

तरी अट अशी. माझ्या मृत्यूनंतर संचालकांनी नव्या दालनात, वर्तमानपत्रवाल्यांसमोर, शिक्क्यावरचा मजकूर मोठ्याने वाचावा आणि मग स्वतःच्या हाताने पट्टी फाडावी. त्यांनी तसे केले तरच एक्केचाळीस चित्रे त्यांची. नाहीतर ज्या शेजारच्या संग्रहालयाचे नाव काढले की त्यांच्या कपाळाला आठी पडते, तिथे सगळी जातील.

कलम ४. (साक्षीदार येऊन बसल्यावर वाढवलेले.) वकिलांनी वरचे कलम वाचून दाखवले. ताई दारात उभी राहून ऐकत होती. तिची नजर वर्षभरात जाणार, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे.

"म्हणजे तू मरायची वाट बघायची मी?" ती म्हणाली. "आणि तेव्हा मला दिसणार आहे का काही? त्यानं माझं चित्र एकदा बंद ठेवलं. तू सदतीस वर्षं ठेवलंस."

मी पुडके आणून टेबलावर ठेवले. दोन्ही साक्षीदारांनी पट्टी तपासली आणि तसे लिहून दिले. मग ताईने पुडके उघडले. इस्त्रीच्या खोलीत तीन बायका पाठमोऱ्या, मध्ये वाफ. ती नाक कॅनव्हासला लागेल इतकी वाकून बघत राहिली.

"वाफ नाही जमली. चुना फासल्यासारखी झालीये," ती म्हणाली. "समितीत मी असते तर मीही नामंजूर केलं असतं. पण बघून."

म्हणून कलम ३ मधली अट रद्द. नवी अट: संचालकांनी समितीला घेऊन माझ्या दुकानात यावे आणि हे चित्र समोर ठेवून पूर्ण एक तास बघत बसावे. ताई शेजारी बसेल. फोन बाहेर ठेवावा. चित्र भिंतीवर लावण्याची सक्ती नाही. नामंजूर करायचे असेल तर खुशाल करावे, मात्र कारण स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावे आणि ताईला वाचून दाखवावे. शिक्का चालणार नाही.

वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होते. तर मग एवढे कलम बोलावणे समजावे. येत्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, उजेड चांगला असतो तेव्हा.

स्थळ: दुकानातले मोठे टेबल
दिनांक: आजचा, शुक्रवार

(सही) चौकटवाले

साक्षीदार पहिले: समोरच्या छापखान्याचे मालक. पट्टी अखंड होती, बोटाने चाचपून पाहिली. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. पट्टी अखंड होती. सोमवारच्या पुढे ढकलू नये. (सही)