मआमीरच्या अंगणातला नर खजूर

अण्णा, परवा मी अंगणातल्या खजुराच्या खोडात खिळा ठोकला. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या मुलीनं. हसा खुशाल.

झाड तुमचंच. आखातातल्या, मआमीरच्या या घरी तुम्ही एकदाच आलात, खजूर खाऊन बी कुंडीत खोचलीत आणि परत गेलात. वर्ष सरायच्या आत तुम्ही कायमचेच गेलात. रोप मी अंगणात लावलं. घरमालकाला तिथे गाडीसाठी शेड हवी होती. मादी निघाली तर ठेवू, नर निघाला तर तोडू, असं ठरलं. बीपासून आलेल्या खजुराचं फुलं येईपर्यंत काही कळत नाही, म्हणून मी इतकी वर्षं निर्धास्त. यंदा तुरे फुटले, परागांचं पांढरं पीठ उडालं. नर.

मला आपली रत्नागिरीची पपई आठवली. शेजारच्या काकू नर पपईला खिळा ठोकायच्या आणि कधी फळ धरलंच तर गावभर मिरवायच्या. आणि आठवलं, तुम्ही मला पायरीवर बसवून सांगताय, की खिळ्याचं त्यात काही नाही. पूर्वी नर-मादी एकाच फुलात नांदत. मग एखाद्या जातीत गुणसूत्रांच्या एका जोडीनं थोड्या भागापुरती आपसातली देवाणघेवाण थांबवली, तो भाग वाढत गेला आणि झाडांची दोन घरं झाली, नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. पपईत ही फारकत अलीकडची, म्हणून नर झाडही क्वचित फळ धरतं. जुन्या फारकतीचं काय, मी विचारते. "ती सहसा सांधत नाही," तुम्ही म्हणता. खजुराची पपईहून कितीतरी जुनी. हे ठाऊक असून मी हातोडी घेतली, कारण मला तुमचं झाड हवं होतं.

आज घरमालक आला. नराचे तुरे मादीच्या घोसात बांधायचे, ही इथली रीत. त्यानं आपल्या झाडांसाठी चार तुरे कापून घेतले. मग शेडच्या जागेकडे बघत थांबला.

"बाबा का झाड है ना? बाबा कब आएगा?"

"अगले साल," मी म्हणाले. "इंशाल्ला."

"खलास," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ठरलं. "बाबा देखेगा, फिर काटेगा."

तुम्ही गेल्याचं त्याला सांगायचं राहूनच गेलं होतं. आज मुद्दाम सांगितलं नाही. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. अण्णा, "अगले साल" म्हणताना क्षणभर मला ते खरंच वाटलं.