हवा बंद

दि. ४ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तू दिलेल्या त्या बोटीच्या इंजिनाचा वीट आला म्हटलं तर कमी पडेल. मला किळस आली आहे. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली. हाताला पेट्रोलचा वास, घासाला पेट्रोलचा वास. काल एका बाळंतिणीने मी जवळ जाताच नाक दाबलं. नर्सबाईला यापेक्षा मोठी पावती कुठली! मेकॅनिक बोलावला, तर तो आधी बोटीत पचकन थुंकला, मग मळक्या फडक्याने प्लग पुसून पाण्याला शिव्या देत निघून गेला.

थट्टा राहू दे. पलीकडच्या काठावर एका पहिलटकरणीचे दिवस भरत आलेत. आमच्या डॉक्टरीणबाई महिनाअखेरीस स्वतः बोटीत बसून ती पारखणार आहेत. इंजिन धड चाललं नाही तर बोट बंद, आणि मी औषधांच्या कोठीत गोळ्या मोजत बसायचं. पलीकडच्यांनी मग कुणाच्या तोंडाकडे बघायचं? ह्यांना मात्र कोठीच पसंत. पाण्याचं नाव काढलं तरी तुझ्या मास्तर मेहुण्यांचा चेहरा उतरतो.

वहिनीला नमस्कार. लोभ पेट्रोलसारखा उडून जाऊ देऊ नकोस.

तुझी,
बेबी


दि. ८ मार्च

चि. सौ. बेबीस अनेक आशीर्वाद.

त्या थुंकणाऱ्याला पुन्हा बोटीत पाय ठेवू देऊ नकोस. चाळीस वर्षं इंजिनं उघडली, पण असला नमुना पाहिला नाही. टाकीतलं पेट्रोल जुनं असेल तर आधी काढून टाक. शिळं पेट्रोल आंबूस वास मारतं आणि आत चिकटा धरतो. ताजं भर, नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाब. तांबड्या दोरीची चिमटी जागेवर आहे ना ते बघ; ती निघाली की ठिणगीच पडत नाही. आणि थंड इंजिनाला आपल्या बाबांचा मंत्र विसरू नकोस: हवा बंद, मग दोरी.

मास्तरांना म्हणावं, बायको पाण्यावर असते, पाण्यात नाही.

लोभ आहेच, पत्र पाठवलंस तर वाढेल.

दादा


दि. १५ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

टाकी रिकामी केली. आतून काय निघालं म्हणून सांगू! तपकिरी, बुळबुळीत घाण. नखांतून अजून जात नाही. इतकी बाळंतपणं केली, पण एवढ्या शिसारीने हात कधी धुतले नव्हते.

ताजं पेट्रोल भरलं, चिमटी पाहिली आणि पहिल्या दोरीलाच इंजिन सुरू! मी एकटीच हसले. पण मधल्या पाण्यात आलं आणि खोकत खोकत गप्प. फुगा चपटा, दाबला तरी भरेना. मग कितीही ओढा, ढिम्म. वल्ही मारत परतले, गुडघाभर चिखलात उतरून बोट ओढली, आणि काठावरच्या रिकामटेकड्यांनी फुकटचे सल्ले दिले.

बाबांचा मंत्र मी चुकत नाही हो. हवा बंद म्हणजे टाकीच्या झाकणावरचा बारका स्क्रू आवळायचा, हे ह्यांनीच मला समजावलं. शिवाय रोज माझ्या आधी धक्क्यावर जाऊन, पक्कड लावून तो घट्ट करून येतात. पाण्याला भिणारा माणूस माझ्यासाठी एवढं करतो, याचं खरंच बरं वाटलं.

लवकर लिही. लोभ असेल तर पत्रातून दिसू दे.

बेबी


दि. १९ मार्च

चि. सौ. बेबीस अनेक आशीर्वाद.

डोक्याला हात लावला. अगं, हवा बंद म्हणजे चोक! इंजिनाच्या पुढची ती दांडी. सुरू करताना ओढायची, लागलं की आत लोटायची. टाकीचा स्क्रू चालवताना सैलच हवा. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत शिरली पाहिजे. तुम्ही बिचाऱ्या इंजिनाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार देताय.

पुढचं लिहू की नको, असं झालं होतं. मागच्या खेपेला मीच मास्तरांना तो स्क्रू दाखवला होता: चालवताना सैल, ठेवताना घट्ट. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. विसरले असतील. तू रागावू नकोस.

दोघांवर लोभ आहे, हे लक्षात असू दे.

दादा


दि. ३० मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

विसरले नव्हते. तुझं पत्र मी त्यांच्यासमोर ठेवलं, वर पक्कड ठेवली. त्यांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाले की मला उशीर झाला की धक्क्यावर उभं राहून त्यांचा जीव अर्धा होतो. इंजिन बिघडलं तर बोट बंद होईल, आणि बोट बंद झाली तर मी कोरड्या जमिनीवर राहीन.

दादा, टाकीतल्या घाणीचीही एवढी किळस आली नव्हती. मी बुडू नये म्हणून हा माणूस मला रोज मधल्या पाण्यात सोडून देत होता! मी त्यांना तोंडावर तसंच सुनावलं. तेव्हा कुठे त्यांना ते उमगलं. एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

मी बोलणं टाकलं. स्क्रू सैल केला, डॉक्टरीणबाईंना बसवलं, चोक ओढला. एका दोरीत इंजिन लागलं ते पलीकडे जाऊन परत येईपर्यंत खोकलं नाही. बोट चालू राहिली. पहिलटकरणीला मुलगी झाली.

काल ह्यांना बोटीत घातलं. दोन्ही हातांनी कडा धरून बसले होते, तोंड पांढरंफटक. मला दया आली नाही. मधल्या पाण्यात आल्यावर मात्र त्यांनी एक हात सोडला, टाकीकडे वाकले आणि स्क्रू सैल आहे ना, ते बोटाने चाचपून पाहिलं.

राग गेलेला नाही. पक्कड माझ्याच पिशवीत असते. तुझ्या लोभाची हवा तेवढी बंद करू नकोस.

बेबी