पाणबुडीतला रोबोट आणि व्हॅन नाइजमधली उडी

९ जानेवारी, दुपार
नोकरी सोडली. म्हणजे मालकीणबाई मिसेस पेट्रोसियन सोडा म्हणाल्या, पण माझ्या मनात आधीपासून होतंच. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नऊ वर्षं वाया घालवली. आज एका आजीबाईंना हँडब्रेक ओढून गाडी जागच्या जागी गर्रकन फिरवायला शिकवलं. आजीबाई खूश. रस्त्याकडेचे कचऱ्याचे डबे तेवढे आडवे झाले. मिसेस पेट्रोसियन म्हणाल्या, "मिस्टर कुचेरा, लोक इथे लायसन्स काढायला येतात, पोलिसांना चुकवायला नाही."
त्यांना दृष्टीच नाही.
मी स्टंटमन आहे. होतो नाही, आहे. अठरा चित्रपटांत पडलोय. चेहरा एकातही दिसला नाही, इतका सफाईदार पडायचो.

१० जानेवारी
ठरलं. स्वतःचा चित्रपट. विज्ञानकथा वेगळी, मारधाड वेगळी, हे कोणी ठरवलं? सगळं एकत्र घालणार. भविष्यातून खुनी रोबोट येतो, पण पत्ता चुकतो आणि उतरतो थेट पाणबुडीत. पाणबुडी अतिरेक्यांनी पळवलेली. अतिरेकी मुळात परग्रहावरचे. त्यात तोच दिवस पुन्हा पुन्हा उगवतो, म्हणजे मारामारी एकदा शूट केली की सात वेळा वापरता येते. शेवटी नायक (मी) ऐंशी मजली इमारतीवरून पाणबुडीवर उडी मारतो.
नोरीनला सांगितलं. तिने विचारलं, "इमारतीखाली पाणबुडी कशी येते?" मी म्हटलं, पूर. ती पुढे काही न बोलता टॉवेलांच्या घड्या करत बसली. बायको गप्प, म्हणजे कथानकात भोक नाही. तशी ती ऑगस्टमध्ये तिची आई गेल्यापासून गप्पच असते.
संकल्प: साखर बंद. रोज शंभर उठाबशा.

११ जानेवारी
उठाबशा बारा. आकड्यापेक्षा दर्जा महत्त्वाचा.

१९ जानेवारी
ड्वेन ऑस्ट्रँडरला फोन केला. माझा जुना स्टंट-जोडीदार. सहा वर्षं अबोला होता. त्याच्या मुलीच्या लग्नात मी फक्त एवढंच म्हणालो होतो, की याच्या त्या गाजलेल्या पुलावरच्या उडीत खाली गाद्या होत्या. होत्याच गाद्या! खरं बोललो तर राग.
पण रोबोट तोच हवा. त्याचे दोन्ही गुडघे धातूचे बसवलेत, म्हणजे अर्धा रोबोट तयारच. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला काही बोलायचंय का त्यात?" मी म्हटलं, एक शब्द नाही. "तुझ्याशी?" शूटिंगपुरतं. "मग येतो."

२ फेब्रुवारी
जुन्या वॉटर हीटरची माणसाएवढी टाकी कापून रोबोटचा पोशाख केला. ड्वेन पाच मिनिटांत आत गेला. बाहेर यायला दोन तास लागले, शिवाय भांडी घासायच्या साबणाची अख्खी बाटली. नोरीनने ओतली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही तिच्या. ड्वेन आतून ओरडत होता, "वहिनी, जरा डावीकडे!"

१४ फेब्रुवारी
गॅरेजमध्ये पाणबुडी. व्हॅक्यूम क्लीनरची नळी म्हणजे पेरिस्कोप. तिन्ही परग्रहवासी मीच. हिरवा रंग कुंपणाचा.

१७ फेब्रुवारी
रंग जात नाही. पोस्टमन पत्रं गेटवरूनच फेकतो. थोर नटांच्या अंगात भूमिका अशाच भिनतात.

१ मार्च, सकाळी ९
आज उडी. नोरीनच्या भावाचं, गिलचं, व्हॅन नाइज गावातलं दोन मजली गालिच्यांचं दुकान. खालून कॅमेरा लावला की ऐंशी मजले. ड्वेन म्हणाला, "वेंडेल, सत्तावन्न वर्षांचा झालास. बाहुला टाकू खाली. कोणाला कळतंय?" मी म्हटलं, गाद्या लागतात ते लोक वेगळे. तो शिडी लावायला गेला. बोललो त्यात चूक नव्हती.

१ मार्च, दुपारी ४
उडी मारली नाही. वारा होता. उजेडही सपाट. शिवाय छपराच्या कडेला उभं राहिल्यावर लक्षात आलं, की नायकाच्या मनाचा विचार पटकथेत झालेलाच नाही. तो विचार चाळीस मिनिटं चालला. त्या वेळात पाय थोडे थरथरले, ते वाऱ्यानेच.
शेवटी ड्वेन शिडीने वर आला, त्या गुडघ्यांनी. म्हणाला, "तेव्हा गाद्या होत्या, वेंड. तरी मी प्यायलो होतो, इतका घाबरलो होतो. चल. मी आधी उतरतो, तू मागून ये." प्रत्येक पायरीला त्याने माझी टाच धरून नीट टेकवली. मी डोळे मिटले होते, कारण ऊन.
गिलने कॅमेरा बंद केला नव्हता. मूर्ख माणूस.

८ मार्च
एडिटिंग. ड्वेन म्हणतो, शिडी ठेवायची. मी म्हटलं, मी मेल्यावर. तो म्हणाला, "मग माझा रोबोट काढ." रोबोट काढला तर नुसती पाणबुडी उरते. शिडी ठेवली. दिवस पुन्हा पुन्हा उगवत असल्यामुळे ती सात वेळा येते.

२१ मार्च, संध्याकाळी ७
लायब्ररीच्या हॉलमध्ये हौशी चित्रपटांची स्पर्धा. माझ्या चित्रपटाला लोक इतके हेलावले, की खांदे गदगदत होते. एका माणसाने डोकं पुढच्या खुर्चीवर टेकलं. चौथ्या शिडीला एक बाई उठून बाहेर गेल्या, सहन होईना म्हणून. निकाल थोड्याच वेळात. भाषण खिशात आहे.

२२ मार्च, सकाळी ८
पहिलं बक्षीस. सर्वोत्कृष्ट विनोदी चित्रपट.
मी स्टेजवर जाऊन ठणकावलं, की यात विनोद शोधणाऱ्यांनी पुन्हा बघावा, हा गंभीर चित्रपट आहे. हॉल हसून कोसळला. मी म्हटलं, हसू नका! आणखी कोसळला. ड्वेन पहिल्या रांगेत डोळे पुसत होता. आणि त्याच्या शेजारी नोरीन. तोंडावर रुमाल, लालबुंद, श्वास लागलेला. भाषणाची पुढची तीन पानं मी वाचलीच नाहीत. तिच्याकडेच बघत राहिलो.
पार्किंगमध्ये तिने हात धरला. म्हणाली, "वर फार घाबरला होतास रे."
मी म्हटलं, अभिनय होता.
तिने हात सोडला नाही. गाडीपर्यंत आलो. किल्ली लागेना.
मग म्हटलं, हो. फार.