डावाच पाय

आई, माझा डावा पाय सुजलाय. सातवा महिना लागलाय आणि पाय मांडीपर्यंत टम्म, केळीच्या बुंध्यासारखा. उजवा मात्र नेहमीसारखाच. डोहाळजेवणाला माहेरी मुरगूडला आले, फुलांच्या झोपाळ्यावर बसवलं, तर आलेल्या बायका माझ्या पोटाकडे कमी आणि पायाकडेच जास्त बघत होत्या. "पाणी उतरलंय. पहिलटकरणीला व्हतंयच की," असं एकमेकींना सांगून त्या जेवायला बसल्या. आत्यानं खोबरेल कोमट करून आणलं, माझा पाय मांडीवर घेतला आणि पोटरी दाबली. मी किंचाळले. दुखण्याच्या आधी लाज वाटली, चारचौघींत ओरडले म्हणून.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दवाखान्यात तपासणी झाली. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, थेट मांडीपर्यंत. आता रोज पोटावर इंजेक्शन. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पाय अजिबात चोळायचा नाही, गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. छातीत टोचलं किंवा धाप लागली तर असेल तसं उठून यायचं. मग विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का? "न्हाय वो, आमच्यात कुणालाच न्हाय," आत्या म्हणाली. मी म्हटलं, माझी आई बाळंतपणात गेली. "कशानं?" मला सांगता येईना. इतकी वर्षं मी एवढंच ऐकत आले, बाळंतपणात गेली. हे काय आजाराचं नाव आहे? उंबऱ्यात पडून माणूस मेलं तर उंबऱ्यानं मेलं म्हणायचं का? आत्या पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती. म्हणाली, "तिचाबी डावाच सुजलता की. रोज मीच चोळायची."

तेव्हापासून मला आपलं स्वयंपाकघर दिसतंय. तू ओट्याशी उभी आहेस, सगळा भार उजव्या पायावर, डावा पाटावर टेकवलेला. भाकरी थापता थापता मधेच डोळे मिटून घेतेस. आत्या विचारते, "दुखतंय व्हय गं?" आणि तू मान वर न करता म्हणतेस, "न्हाय की. जरा जड झालाय, उतरंल." पुढं धाकटा झाला आणि त्याचं बारसंही तू बघितलं नाहीस. बसल्या जागी धाप लागली म्हणे.

मला आत्याचा राग येत नाही. तिला काय ठाऊक होतं, तिनं मायेनंच केलं. राग तुझा येतो. एकदा बोंबलली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं? कुणीतरी गाडीत घालून कोल्हापूरला आणलं असतं. तू गेलीस आणि गाव मला कौतुकानं सांगत राहिलं, तुझी आई लई सोशीक, तोंडातनं कधी ब्र काढला न्हाय. तेच ऐकून मी मोठी झाले. शाळेत शिकवताना दिवसभर फळ्याशी उभी राहते, दोन आठवडे पाय ठणकत होता, पण खुर्ची मागायची माझी हिंमत झाली नाही. सोशीक आईची लेक ना मी! कसलं डोंबलाचं कौतुक हे? आई नसलेल्या घरात ते कौतुक घेऊन मी करायचं काय होतं?

आज सकाळी ह्यांनी इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "दुखलं का गं?" मी म्हटलं, "नाही की." अगदी तुझ्या आवाजात. तेव्हा मलाच चपराक बसल्यासारखं झालं, म्हणून हे लिहायला बसले.

पण अजून एक आहे, जे एवढं सगळं लिहूनही वर लिहिलं नाही. सकाळपासून श्वास आत घेतला की बरगडीखाली टोचतंय. होईल कमी, असं म्हणत मी इथवर आले. तुला सांगून काय उपयोग, तू म्हणशील उतरंल. हे पत्र राहू दे इथंच. हे बाहेर गाडी पुसतायत, त्यांना हाक मारते.